६३ मिमी आणि ६५ मिमी यांच्या मधले पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याचे चार महिने आपल्या जिल्हा पानावर मंडळनिहाय पावसाचा तक्ता येतो. बहुतेक वाचक त्यावरून नुसती नजर फिरवतात. ज्याचे सोयाबीन पाण्यात उभे आहे तो मात्र त्यात एकच आकडा शोधत असतो : ६५. महसूल मंडळात, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पुढच्या पंचनाम्याची वाट मोकळी होते. हवामान खात्याच्या वर्गवारीत ‘जोरदार पाऊस’ ६४.५ मिमीपासून सुरू होतो, त्याच उंबरठ्याला लागून हा आकडा आहे. मंडळातल्या पाऊस मोजणाऱ्या यंत्राने ६३ दाखवले तर मंडळ यादीबाहेर.

मग दरवर्षीचे भांडण सुरू होते. गाव म्हणते यंत्र खोटे, कार्यालय म्हणते यंत्र खरे, आणि यंत्राचे नरसाळे उचलून आत बघितलेले दोघांपैकी कोणीच नसते. त्यात ‘ढगफुटी’ हा शब्द बातम्यांत फार स्वस्त झाला आहे. हवामान खात्याच्या हिशेबी लहानशा टापूत तासाभरात १०० मिमीच्या आसपास पाऊस झाला तरच ती ढगफुटी. आणखी हवामान केंद्रे बसवा, ही मागणी सगळेच करतात. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. जी केंद्रे आहेत त्यांच्या शेजारी आधी हाताने मोजायचा एकेक साधा पर्जन्यमापक उभा करा, आणि प्रत्येक केंद्राची तपासणी-वही लोकांना बघता येईल अशी ठेवा. असे का म्हणतो, ते कळायला यंत्राच्या आत डोकवावे लागेल.

स्वयंचलित पर्जन्यमापकात वर एक नरसाळे असते. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी धरू, म्हणजे व्यास जवळजवळ १६ सेंमी. खाली जाळी, जाळीखाली बारीक नळी, आणि नळीखाली मध्यावर तोललेला दोन कप्प्यांचा पाळणा, बागेतल्या सी-सॉसारखा. यालाच टिपिंग बकेट म्हणतात. एक कप्पा भरला की पाळणा कलंडतो, पाणी ओतून टाकतो आणि दुसरा कप्पा नळीखाली येतो. पाळण्यावरचे छोटे लोहचुंबक प्रत्येक वेळी एका रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आले की जुळणारा स्विच) जाते आणि डेटा लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या पेटीत, एक ठोका पडतो. यंत्राला पाऊस कळत नाही, फक्त ठोके कळतात. २०० चौ. सेंमी तोंडावर १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलि पाणी. पाळणा अर्ध्या मिमीचा असेल तर दर ठोक्याला १० मिलि, ०.२ मिमीचा असेल तर ४ मिलि. म्हणजे ६५ मिमीसाठी पहिल्या यंत्रात १३० ठोके पडायला हवेत आणि दुसऱ्यात ३२५. पहिल्यात चार ठोके चुकले की आकडा ६३ होतो.

ठोके चुकतात, आणि सगळ्यात जास्त चुकतात ते नेमके मुसळधार पावसात. पाळणा कलंडायला साधारण अर्धा सेकंद घेतो. त्यातल्या पहिल्या अर्ध्या वेळात नळीतले पाणी आधीच भरलेल्या कप्प्यावर पडत राहते आणि मोजणीतून सुटते. रिमझिम असताना दोन ठोक्यांमध्ये कित्येक मिनिटे जातात, तेव्हा पाव सेकंद कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण तासाला १०० मिमीच्या वेगाने कोसळू लागले की ०.२ मिमीचा पाळणा दर ७.२ सेकंदांनी कलंडतो. त्यातला पाव सेकंद वजा करा : साडेतीन टक्के तूट. सगळा पाऊस त्याच वेगाने पडला असेल तर ६६.५ मिमीच्या जागी यंत्र ६४ च्या आसपास दाखवील. अर्ध्या मिमीच्या पाळण्यात ठोके १८ सेकंदांनी पडतात, म्हणून तूट दीड टक्क्याच्या आत राहते. बारीक माप घेणारे यंत्र जोराच्या पावसात जास्त चुकते, ही गंमत खरेदीच्या कागदांवर दिसत नाही. प्रत्येक ठोक्याची वेळ लॉगरने साठवली असेल तर ही तूट वेगाप्रमाणे भरून काढता येते. पण बाहेर नुसती दिवसाची बेरीजच येत असेल तर त्या बेरजेतून कोणालाही काही शोधता येणार नाही.

ही झाली यंत्राच्या जातीची चूक. देखभालीच्या चुका याहून मोठ्या. मे महिन्यात लिंबोळ्या आणि पाचोळा पडतो, जाळीवर कावळा बसून जातो, कोळी नळीच्या तोंडाशी जाळे विणतो आणि उन्हाळाभराची धूळ पहिल्या सरीबरोबर चिखल होऊन नळीत बसते. नळी पूर्ण बंद झाली तर पाऊस शून्य येतो. ती चूक निदान डोळ्यांत तरी भरते. नळी अर्धवट तुंबली तर मात्र चोराचे पाऊल कळत नाही. पाणी नरसाळ्यात साचते आणि आभाळ निवळल्यावरही तासन्‌तास थेंबथेंब झिरपत राहते. पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद समोर ठेवली तर हे लगेच ओळखू येते. खऱ्या पावसाची नोंद दातेरी असते, वर जाते, खाली येते. तुंबलेल्या नळीची नोंद सपाट, एका मापाची, संपता न संपणारी. त्या वेळी सकाळचे साडेआठ, म्हणजे पावसाचा दिवस बदलायची वेळ, उलटून गेली तर उरलेले पाणी दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते आणि एका अतिवृष्टीचे दोन मध्यम पाऊस होतात. याच्या उलटही घडते. कडक उन्हात भर दुपारी सलग चाळीस ठोके दिसले तर ती बहुधा कोणीतरी नरसाळ्यात पाणी ओतून केलेली साफसफाई असते.

जागेचा प्रश्न त्याहून चिवट आहे. नियम असा, की भोवतालचा अडथळा यंत्राच्या कडेपेक्षा जेवढा उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा, शक्यतो चौपट. केंद्र मे महिन्यात बसवतात तेव्हा रान मोकळे असते आणि फोटो झकास येतो. केंद्रापासून तीन मीटरवर पुढे आडसाली (दीड वर्षाचा) ऊस उभा राहतो. दुसऱ्या पावसाळ्यात तो कांड्यावर येऊन तीन मीटर उंच झाला, की ३० सेंमी उंचीच्या कडेसाठी हिशेब २.७ च्या दुप्पट, म्हणजे साडेपाच मीटर मोकळे हवे. आहेत तीन. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस उसाच्या पात्यांवर अडतो आणि नरसाळ्यात कमी पडतो. गच्चीवर बसवावे तर तिथे वारा इमारतीला आपटून वर उसळतो आणि थेंब नरसाळ्यावरून वाहून नेतो. गच्ची सुरक्षित असते, कुत्री-गुरे येत नाहीत, एवढाच तिचा गुण. पाया कलला असेल तरी फरक पडतो. पाळणा एका बाजूला झुकला की एक कप्पा लवकर कलंडतो, दुसरा उशिरा. गवंड्याची लेव्हल बॉटल आडवी-उभी ठेवून हे दोन मिनिटांत तपासता येते.

आता साडेआठचे बघू. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्याच सकाळच्या तारखेने नोंदला जातो. १० तारखेच्या रात्री अकरा ते दोन पडलेला पाऊस म्हणूनच ११ तारखेच्या रकान्यात सापडेल. १० च्या रकान्यात ४ मिमी पाहून यंत्र बंद होते अशी तक्रार देणाऱ्याने आधी पुढचा रकाना वाचावा. दुसरीकडे, सकाळी सात ते दहा असा ७० मिमी पाऊस पडला आणि तो साडेआठला निम्मानिम्मा तुटला, तर दोन्ही तारखांना ३५-३५ येणार. यात यंत्राचा काही दोष नाही, नियमच तसा आहे. पण लॉगरचे घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालत असेल तर तिथला दिवस ०३:०० ला तोडायला हवा. तो चुकून ००:०० ला तोडला तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि साडेपाच ते साडेआठ या तीन तासांचा पाऊस रोज भलत्या तारखेला जाऊन बसतो.

शेजारी साधा पर्जन्यमापक हवा तो याचसाठी. त्यात घड्याळ नाही, बॅटरी नाही, सिमकार्ड नाही. फायबरचे नरसाळे, आत प्लास्टिकची बाटली आणि एक मोजपात्र. ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल काँक्रीटच्या पायात तो असा बसवायचा, की कड जमिनीपासून बरोबर ३० सेंमीवर आणि समतल राहील. रोज साडेआठला बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचे, पात्र डोळ्यांसमोर धरायचे आणि पाण्याचा मधला खोलगट भाग ज्या रेघेला असेल ती वाचायची. काचेला चढलेली कड वाचायची नाही. इथेही घोळ होतात, पण ते पकडता येण्याजोगे असतात. सगळ्यात मोठा घोळ मोजपात्राचा. नरसाळी १०० चौ. सेंमीची आणि २०० चौ. सेंमीची अशी दोन मापांची असतात आणि त्यांची मोजपात्रे वेगळी असतात. मूळ पात्र फुटले आणि तहसीलच्या कपाटातून दुसरे आणले. ते १०० चौ. सेंमीचे निघाले आणि नरसाळे २०० चे असले, की ४० मिमीचे ८० होतात. दुसरा घोळ बाटलीचा. २०० चौ. सेंमीच्या नरसाळ्याखाली २ लिटरची बाटली १०० मिमीला काठोकाठ भरते. कोकणात ती एका रात्रीतही पुरणार नाही. तिथे ४ किंवा १० लिटरची हवी, आणि बाटलीवरून सांडून तळाच्या भांड्यात जमलेले पाणीही मोजायला हवे.

दोन्ही यंत्रांचे आकडे रोज एका ओळीत लिहिले, की महिन्याभरात दुखणे आपोआप कळते. स्वयंचलित यंत्र रोजच चार-पाच टक्के कमी दाखवत असेल तर पाळण्याचे माप बिघडले आहे. फक्त जोराच्या दिवशी कमी पडत असेल तर ती वर सांगितलेली वेगाची तूट. एखाद्याच दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी वाजवीपेक्षा जास्त असेल तर नळी तुंबली होती. श्रावणात तूट वाढत गेली आणि ऊस तुटल्यावर गायब झाली, तर कारण उसाने सांगितलेच.

तपासणीही फार अवघड नाही. आधी लॉगरकडे जाणारी वायर काढायची. हे विसरले तर तपासणीचेच पाणी गावाचा पाऊस म्हणून नोंदले जाते, आणि असे होते. मग नळी आणि जाळी धुवायची, पाळण्याचे दोन्ही कप्पे मऊ ब्रशने पुसायचे. बोटाने पुसायचे नाहीत, बोटाचा तेलकटपणा राहिला की थेंब कप्प्याला चिकटून राहतो. त्यानंतर ४०० मिलि पाणी, म्हणजे २०० चौ. सेंमीवर २० मिमी, तळाला सुईचे भोक पाडलेल्या बाटलीतून निदान तासभर ठिबकू द्यायचे. अर्ध्या मिमीच्या पाळण्याने ४० वेळा कलंडायला हवे, ०.२ वाल्याने १०० वेळा. ३८ ते ४२ किंवा ९५ ते १०५ आले तर ठीक. बाहेर गेले तर पाळण्याखालचे दोन टेकूचे स्क्रू सारखेच फिरवून पुन्हा तेच. मापे, तारीख आणि सही वहीत. वर्षातून निदान दोनदा हे व्हावे : एकदा मेअखेरीला आणि एकदा ऐन पावसात. ऐन पावसातली तपासणीच टाळली जाते, कारण तेव्हा केंद्रापर्यंतच्या वाटेत चिखल असतो.

पावसाशिवायच्या उपकरणांचे थोडक्यात. फळपीक विमा हवामानावर चालतो, म्हणून केळी, द्राक्ष, आंबा, काजूवाल्यांना तापमान आणि आर्द्रताही तितकीच लागते. तापमानाचा सेन्सर पांढऱ्या थाळ्यांच्या चळतीत असतो. थाळ्यांवर धूळ बसली किंवा आत गांधीलमाश्यांनी घर केले, की वारा खेळत नाही आणि दुपारचे तापमान चढते. केंद्र सिमेंटच्या अंगणात असेल तर आणखीच. द्राक्षपट्ट्यात गंधकाची धुराळणी आणि फवारणी आर्द्रतेच्या सेन्सरच्या टोपीवर बसते आणि तो सुस्तावतो. जुन्या लाकडी पेटीतल्या, आर्द्रता काढायच्या ओल्या फडक्याच्या तापमापकाला विहिरीचे जड पाणी घातले तर कापडावर क्षार धरतात, कापड ओले राहत नाही आणि आर्द्रता खोटीच जास्त येते. तिथे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच हवे.

एका सेन्सरवर विसंबले की काय होते ते २०२४ च्या मे महिन्यात साऱ्या देशाने पाहिले. २९ मे रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. लगेच नागपुरातल्या एका केंद्रावर ५६ चा आकडा आला. हवामान खात्याने मुंगेशपूरला प्रमाणित उपकरण नेऊन ताडले तेव्हा केंद्र ३ अंश जास्त दाखवते असे निघाले. नागपूरचा आकडाही सेन्सरच्या बिघाडात निघाला. तापमान ५६ झाले की राष्ट्रीय बातमी होते, म्हणून कोणीतरी धावत जाऊन तपासते. ६५ च्या जागी ६३ आले तर कोण धावणार?

केंद्रे वाढवायला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. पाऊस किती लहरी असतो हे मुंबईने २६ जुलै २००५ ला पाहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौ. किमीच्या वर आणि ‘महावेध’ या राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याची मंडळ केंद्रे दोन हजारांच्या थोडी पुढे. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे १५० चौ. किमी. त्या सगळ्या नरसाळ्यांची तोंडे जोडली तर कशीबशी ४० चौ. मीटर जागा भरेल, दोन खोल्यांच्या घरावरच्या पत्र्याएवढी. महाराष्ट्राचा पाऊस आपण त्या पत्र्यावर मोजतो.

रडार आले की हे सगळे सुटेल, असेही ऐकू येते. मराठवाड्यासाठी रडारची मागणी रास्तच आहे. नागपूरच्या रडारचा अर्ध्या अंशावर सोडलेला झोत सव्वातीनशे किमी दूरच्या परभणीवर येईपर्यंत, पृथ्वीच्या गोलाईमुळे, जमिनीपासून आठ किमीच्या वर गेलेला असतो. खालचा पाऊस त्याला दिसत नाही. पण जवळचे रडारही मिलिमीटर मोजत नाही. ते थेंबांवरून परतलेला प्रतिध्वनी मोजते आणि त्यावरून पावसाचा अंदाज करते. तो अंदाज ताडून पाहायला शेवटी जमिनीवरचे नरसाळेच लागते, आणि तेच तुंबलेले असेल तर रडारही तुंबलेल्या मापाला जुळवले जाईल.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ या नावाने ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापकांचे जाळे जाहीर केले आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायती २७ हजारांच्या वर आहेत. वर सांगितल्याप्रमाणे एका यंत्राची वर्षातून दोनदा तपासणी धरली आणि एका माणसाने वाटेतल्या प्रवासासह दिवसाला तीन यंत्रे केली, तर नुसत्या तपासणीचे १८ हजार मनुष्यदिवस होतात. हे काम कोणाकडे, कोणत्या पगारावर आणि कोणत्या गाडीने, हे निविदेत यंत्राच्या किमतीइतक्याच ठळकपणे यायला हवे. हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाचे रोजचे पाच मिनिटांचे काम शाळा, ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा गावातला एखादा जागरूक शेतकरी करू शकतो, मात्र त्याला मानधन हवे आणि साडेआठची वेळ पाळणारा बदली माणूसही हवा.

आपल्या दैनिकाकडे शेवटी एक मागणे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावरचे मंडळनिहाय आकडे आपण छापता. आठवडाभर सूर्य दिसला नाही की सौर पॅनेलवरची १२ व्होल्टची बॅटरी उतरते, मोडेम बंद पडतो आणि त्या केंद्राचा आकडा येतच नाही. अशी न आलेली नोंद आणि खरा ० मिमी पाऊस, दोन्ही तक्त्यात ‘०’ म्हणून छापले जाऊ नयेत. जिथे नोंद आली नाही तिथे आडवी रेघ द्यावी. आणि तक्त्यावर ‘आजचा पाऊस’ न लिहिता ‘काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०’ असे लिहावे.

आपले,
हवामान उपकरणांच्या देखभालीच्या कामातले काही वाचक